आठ चौकोनांचा आजार, नऊ चौकोनांचा आजार

बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकालगतच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी संध्याकाळी वर्ग घेते. परिचारिका म्हणून वॉर्डात तीस वर्षं काढल्यावर निवृत्तीनंतर हा उद्योग सुरू केला. वर्गात रुग्णसाहाय्यक होऊ पाहणाऱ्या मुली येतात. बहुतेक मराठी माध्यमातल्या. काही दिवसभर दुकानात काम करून येणाऱ्या. त्यांना वैद्यकीय परिभाषा शिकवायची, एवढंच माझं काम. सुरुवातीला मी तेच केलं जे मला शिकवताना केलं गेलं होतं. यादी फळ्यावर लिहायची, मुलींनी ती उतरवून घ्यायची आणि पाठ करायची.

ती पद्धत मोडली एका फोनमुळे. माझी एक विद्यार्थिनी एका रुग्णालयात रात्रपाळीला होती. मधुमेहाचा रुग्ण घामाघूम होऊन गुंगीत गेला. तिने साखर तपासली आणि वरिष्ठ सिस्टरना फोनवर सांगितलं, "पेशंट हायपर झालाय." सिस्टर अनुभवी होत्या. त्यांनी विचारलं, "आकडा सांग." आकडा होता 48. साखर 70 च्या खाली गेली की तो हायपोग्लायसेमिया, म्हणजे हायपरच्या नेमका उलट. एकाला साखर द्यायची, दुसऱ्याला बहुधा इन्शुलिन. आकडा विचारला नसता तर काय झालं असतं, हे सांगायला नको. दुसऱ्या दिवशी ती मुलगी मला म्हणाली, "बाई, शब्द पाठ होता हो. तोंडातून दुसराच निघाला."

पाठ असणं आणि वेळेवर आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मानसशास्त्राने प्रयोगांनी दाखवलं आहे. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन संशोधकांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, तर दुसऱ्याला तो न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी पाहिलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे. म्हणजे आठवण्याचा सराव आठवूनच होतो. आणि कंटाळा न येता शंभरदा आठवायला लावणारी गोष्ट म्हणजे खेळ. आपल्याला हे नवं नाही. सापशिडीचा जुना अवतार असलेला मोक्षपट सद्गुण-दुर्गुण शिकवण्यासाठीच होता आणि परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते.

मी पहिलं केलं ते शब्दकोडं. इंग्रजी कोड्यात एका चौकोनात एक अक्षर, तर मराठी कोड्यात एका चौकोनात काना-मात्रा-जोडाक्षरासह पूर्ण अक्षर. त्यामुळे एक गंमत झाली. हा-य-पो-ग्ला-य-से-मि-या : आठ चौकोन. हा-य-प-र-ग्ला-य-से-मि-या : नऊ चौकोन. ज्या दोन शब्दांनी घोटाळा केला, ते कोड्यात एकमेकांच्या जागी बसतच नाहीत. मुली बोटांवर अक्षरं मोजू लागल्या, तेव्हा 'पो' आणि 'पर' त्यांना पहिल्यांदा वेगवेगळे ऐकू आले.

त्याला अर्थाचा खुंटाही मिळाला. ग्रीक 'हायपर' आणि संस्कृत 'उपरि' एकाच कुळातले; तसेच 'हायपो' आणि 'उप'. उपरि म्हणजे वर, आणि उप हा उपप्राचार्यातला, म्हणजे एक पायरी खालचा. एवढं सांगितल्यावर गोंधळ बराच निवळला. अशा जोड्या पुष्कळ आहेत : ऑस्टिओ-अस्थि, डेंटल-दंत, नेझल-नासिका, हेपॅटो-यकृत. 'मसल' हा शब्द तर लॅटिनमधल्या छोट्या उंदरावरून आला, आणि त्या उंदराचा भाऊबंद आपला मूषक. दगडूशेठ गणपती हाकेच्या अंतरावर असल्याने ही जोडी कोणीच विसरत नाही.

दुसरा खेळ पत्त्यांचा. चौकातूनच आणलेल्या कार्डशीटच्या पट्ट्या, अवयवांची कार्डं पिवळी आणि प्रत्ययांची निळी. 'टॉमी' म्हणजे कापून उघडणं, 'एक्टॉमी' म्हणजे कापून काढून टाकणं, 'ऑस्टॉमी' म्हणजे तोंड करून ठेवणं. मोठ्या आतड्याचं कार्ड आलं की कोलोटॉमी, कोलेक्टॉमी, कोलोस्टॉमी. इथे चौकोन मोजून भागत नाही, तिन्ही शब्द चारच अक्षरांचे. म्हणून नियम असा : कार्ड जोडणारीने त्या रुग्णाच्या पोटाकडे बघितल्यावर काय दिसेल ते सांगायचं. पिशवी लावलेली दिसेल, असं म्हणणारीला कोलोस्टॉमी कळली.

तिसरा खेळ मला सगळ्यात आवडतो. चिठ्ठीवरचा शब्द रुग्णाच्या आईला समजावायचा, पण तो शब्द उच्चारायचा नाही आणि जड संस्कृत प्रतिशब्दही नाही. 'डिसफेजिया'ला "निगलनकष्टता" चालणार नाही. "घास गिळताना अडकतो" हे चालेल. त्याच्याशी कानाला जुळणारा 'डिसफेशिया' आला की "बोलायला शब्द सापडत नाहीत" म्हणावं लागतं. उच्चारातला फरक जिथे निसटतो, तिथे साध्या मराठीत तो स्पष्ट होतो.

खेळाच्या मर्यादाही मी पाहिल्या. मोठ्या आवाजाची मुलगी जिंकते आणि गप्प बसणारी तशीच मागे राहते. म्हणून आता जोडीने खेळतो आणि उत्तर नेहमी दुसरीने द्यायचं. दिसायला सारखं ते सगळं सगोत्र नसतं : पिडिआट्रिकमधलं मूल ग्रीक, पेडलमधला पाय लॅटिन. आणि काही ठिकाणी आपली लिपी हात टेकते. लहान आतड्याचा शेवटचा भागही इलियम आणि कमरेचं हाडही इलियम; इंग्रजीत एका अक्षराचा फरक, देवनागरीत तोही नाही. तिथे नुसता शब्द लिहायचा नाही, 'आतडं' किंवा 'हाड' सोबत लिहायचं.

याच चौकापासून जवळ, भिडेवाड्यात, 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. वर्ग सुटल्यावर मुली त्याच रस्त्याने बसस्टॉपकडे जातात, एकमेकींना शब्द विचारत. फोन केलेली ती मुलगी अजूनही अधूनमधून येते, आता नवीन मुलींना कोडं घालायला. तिच्या कोड्यांत एक नियम तिने स्वतः वाढवला आहे. चौकोन भरून झाले की शेजारी आकडा लिहायचा : 48 असेल तर आठ चौकोन, 480 असेल तर नऊ. शब्द चुकला तरी आकडा सांभाळून घेतो, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.