ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ‘पेडणे’ कसे शोधावे?

ग्रंथालयाचे संकेतस्थळ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे इमारतीचे छायाचित्र, सरकत्या बातम्या आणि मान्यवरांचे संदेश येतात. ह्या गोष्टी असाव्यात की नसाव्यात ह्याबद्दल माझे भांडण नाही. पण वाचक तेथे येतो तो एका साध्या प्रश्नाचे उत्तर मागायला : मला हवे ते पुस्तक तुमच्याकडे आहे का? उत्तर ‘आहे’ असेल किंवा ‘नाही’ असेल. प्रस्तुत लेखात मला ह्यांतील दुसऱ्या उत्तराविषयी लिहावयाचे आहे. ‘आहे’ हे उत्तर चुकीचे निघाले तर वाचक कपाटापाशी जाऊन शहानिशा करू शकतो. ‘नाही’ ह्या उत्तराची शहानिशा करायला कोणी जात नाही. पुस्तक फळीवर धूळ खात राहते आणि वाचक घरी राहतो.

मी पेडणे तालुक्यातला, शिकतो घाटावर. आमच्याकडच्या वाचकाला ह्या ‘नाही’ची किंमत जरा अधिकच मोजावी लागते. पणजीला पाटो येथे जे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, त्याचे मूळ १८३२ साली पोर्तुगीज राजवटीत स्थापन झालेल्या ‘पुब्लिका लिव्रारिया’त आहे. इतका जुना संग्रह आपल्या देशात फार थोड्या सार्वजनिक ग्रंथालयांपाशी असेल. पण पेडण्याहून किंवा डिचोलीहून तेथे जायचे म्हणजे बसचा प्रवास आणि अर्ध्या दिवसाची सवड. म्हणून निघण्यापूर्वी घरबसल्या मोबाइलवर पाहून घ्यावे, असे आता कोणालाही वाटणारच. संकेतस्थळाचा खरा उपयोग पणजीतल्या वाचकापेक्षा ह्या लांबच्या वाचकाला आहे, आणि अडचणही नेमकी त्यालाच येते.

अडचण अशी की आमच्या गावांना नावे फार. आम्ही म्हणतो पेडणे. कोकणीत लिहिताना शेवटी अनुस्वार येतो, पेडणें. आणि बसच्या पाटीवर, सरकारी कागदावर, रोमन लिपीत लिहिलेले असते ‘पेर्नेम’. शेवटचा तो ‘म’ खरे म्हणजे उच्चारायचा नसतो, पोर्तुगीज पद्धतीने तो नुसता अनुनासिक दाखवतो. पण आता शाळकरी मुलेही तो ठणठणीत उच्चारतात. डिचोलीचे झाले ‘बिचोलिम’, साखळीचे ‘सांकेलिम’. ह्या ग्रंथालयांत मराठी, कोकणी, पोर्तुगीज आणि इंग्रजी अशा चार भाषांची पुस्तके. त्यांतली कोकणीच देवनागरीत आणि रोमीत अशी दोन लिप्यांत. त्यामुळे एकाच गावावरची चार पुस्तके चार वेगळ्या नावांखाली नोंदलेली असू शकतात. माणसाला हे कळते. शोधाच्या चौकटीला कळत नाही; तिला दिलेली अक्षरे जशीच्या तशी जुळली तरच ती ‘आहे’ म्हणते.

गेल्या सुट्टीतली गोष्ट सांगतो. डिचोली तालुक्यातील नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. कदंबांचे हे दैवत मूळचे दिवाडी बेटावरचे. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर ते नदीपलीकडे आले आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार केला. माझी एक मावशी त्या बाजूला राहते, शिक्षिका होती. तिला ह्या देवळाविषयी काही वाचायचे होते. एका ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर (नाव सांगण्याचे कारण नाही, पुष्कळांची हीच तऱ्हा आहे) मी ‘सप्तकोटेश्वर’ असे टाइप केले. शून्य. ‘सप्तकोटीश्वर’ असे केले. शून्य. मावशी म्हणाली, “असूं दे रे, नसेल त्यांच्याकडे.” मग रोमन लिपीत निरनिराळी स्पेलिंगे करून पाहिली तेव्हा एका स्पेलिंगला तीन पुस्तके निघाली. तिन्ही मराठी! मराठी पुस्तक मराठीत मागितले तर नाही आणि रोमनमध्ये, तेही नोंद करणाऱ्याच्या मनातल्या स्पेलिंगने मागितले तर आहे. मावशीने एकटीने शोध घेतला असता तर तो दुसऱ्या शून्याशीच संपला असता.

आता गंमत अशी की हा प्रश्न नवा नाही आणि त्याचे उत्तरही नवे नाही. संगणकापूर्वी ग्रंथालयात लाकडी खणांची कपाटे असत आणि त्यांत साडेसात बाय साडेबारा सेंटीमीटरची कार्डे ओवलेली असत. चार्ल्स कटर ह्या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली सूचीचे नियम लिहिले, त्यांत सूचीचे पहिले काम असे सांगितले की लेखक, नाव किंवा विषय ह्यांपैकी काहीही एक ठाऊक असलेल्या माणसाला पुस्तक सापडले पाहिजे. त्यासाठी खणात मुख्य कार्डांच्या जोडीला ‘पाहा’ कार्डे घालीत. ‘पेर्नेम’च्या जागी कार्ड असे : ‘पेडणे’ पाहा. ‘बिचोलिम’च्या जागी : ‘डिचोली’ पाहा. ह्या कार्डाला पुस्तक नसे, नुसता मार्गदर्शक हात असे. चांगला ग्रंथपाल असली कार्डे स्वतःच्या अनुभवाने वाढवीत जाई. वाचक काय म्हणून विचारतो ते ऐकायचे आणि संध्याकाळी एक कार्ड लिहून खणात घालायचे. पुष्कळ ठिकाणी सूची संगणकावर चढवताना पुस्तकांची कार्डे तेवढी चढली आणि ‘पाहा’ कार्डे रद्दीत गेली, कारण त्यांच्यावर दाखलअंकच नव्हता!

मराठीपुरते बोलायचे तर गाठ आणखी घट्ट आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली मान्य झाले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. त्यापूर्वीच्या पुस्तकांवर ‘कोंकण’, ‘नांव’, ‘कांहीं’ असे छापलेले आहे. ग्रंथपालाने नाव शीर्षकपृष्ठावरून जसेच्या तसे उतरवायचे असते, आणि ते योग्यच आहे. पण आजचा विद्यार्थी ‘कोकण’ असे शोधतो, आणि एका टिंबापायी १९६२ पूर्वीची सारी कपाटे त्याच्यापुरती बंद होतात.

ह्याहून चमत्कारिक प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. संगणकात प्रत्येक अक्षराला एक अंक असतो. सर्व लिप्यांसाठी एकच अंकपद्धती असावी म्हणून युनिकोड आले, त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. परंतु त्यातही काही मराठी अक्षरे दोन रीतींनी लिहिता येतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ह्या दुसऱ्या शब्दातला अर्धा र एका कळफलकावर एका अंकाने उमटतो, तर दुसऱ्यावर दुसऱ्याने. ‘ॲटलस’मधल्या पहिल्या अक्षराला स्वतंत्र अंक मिळाला तो २००८ साली, त्याआधी तो अ आणि वरची चंद्रकोर असा जोडून लिहीत, आणि अजूनही काही जण तसाच लिहितात. पडद्यावर दोन्ही रूपे हुबेहूब सारखी दिसतात. यंत्र मात्र म्हणते, हे वेगळे आणि ते वेगळे. वाचकाने अचूक टाइप केलेले असते, पुस्तक कपाटात असते, नोंदही अचूक असते, आणि उत्तर येते शून्य. येथे दोष कोणाला द्यावा? मला विचाराल तर, शोधण्यापूर्वी दोन्ही रूपे एकसारखी करून न घेणाऱ्या आज्ञावलीला. ते काम तिचे आहे, वाचकाचे नव्हे.

परदेशातल्या ग्रंथालयांत तर सर्व नोंदी लिप्यंतराने रोमनमध्ये करण्याची जुनी शिस्त आहे. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीत शब्दाच्या शेवटचा न उच्चारलेला अकारही लिहितात, त्यामुळे ‘गोमंतक’ हा शब्द ‘गोमंतका’सारखा दिसतो. शिस्त म्हणून ती चांगली. पण साखळीचा मुलगा तसे टाइप करील अशी अपेक्षा ठेवणे कठीण.

आता कोणी म्हणेल, एखादे पुस्तक नाही सापडले तर एवढे काय बिघडले? ह्यावर डिचोलीचेच एक उदाहरण आहे. २००७ साली इंग्रजी विकिपीडियावर ‘बिचोलिम संघर्ष’ नावाचा एक भला मोठा लेख कोणीतरी चढवला. १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठे ह्यांच्यात डिचोलीच्या परिसरात युद्ध झाले, अशी त्यात हकिगत होती. असे युद्ध कधी झालेच नव्हते. १६४० साली शिवाजी महाराज बालवयात होते, मराठ्यांचे राज्य उभे राहायचे होते. तरीही लेख इतका नेटका आणि संदर्भांनी भरलेला होता की त्याला ‘चांगला लेख’ म्हणून मान्यता मिळाली आणि पाच वर्षांहून अधिक काळ तो तेथे राहिला. २०१२ च्या अखेरीस एका संपादकाने संदर्भांतली पुस्तके शोधायला घेतली, तेव्हा मुख्य पुस्तके अस्तित्वातच नाहीत असे दिसून आले, आणि लेख काढून टाकण्यात आला.

मित्रहो, ह्या प्रकरणात खोटे उघडकीस आले ते एका खऱ्या ‘नाही’मुळे. सूचीत पुस्तक नाही, म्हणजे पुस्तकच नाही, असे खात्रीने म्हणता आले म्हणून. आपल्याकडे असा एखादा संदर्भ सूचीत सापडला नाही तर आपण काय म्हणतो? ‘यादी नीट नसेल’, ‘स्पेलिंग वेगळे असेल’. ज्याच्या ‘नाही’वर कोणाचा विश्वास नाही अशी सूची खोट्याला पकडू शकत नाही. गोव्याच्या इतिहासाविषयी वाटेल ते छापले आणि पसरवले जात असताना ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

संकेतस्थळाच्या बाकीच्या गोष्टी ह्या मानाने सोप्या आहेत. पुष्कळ ठिकाणी शोधाची चौकट पहिल्या पानावर नसतेच; ‘ओपॅक’ नावाच्या दुव्यामागे असते. ओपॅक म्हणजे काय हे ग्रंथालयशास्त्र शिकलेल्यालाच ठाऊक. तेथे सरळ ‘पुस्तक शोधा’ असे लिहिले तर काय बिघडेल? अमेरिकेतील ग्रंथालयांनी वाचकांना समोर बसवून घेतलेल्या चाचण्यांतही हेच वारंवार दिसले आहे की संक्षेप आणि व्यवसायातले शब्द वाचकाला अडवतात. उघडण्याच्या वेळा स्कॅन केलेल्या परिपत्रकाच्या चित्रात असू नयेत, मोबाइलवर ते चित्र वाचता येत नाही. फिकट करड्या रंगातली बारीक अक्षरे म्हाताऱ्या माणसांना दिसत नाहीत. रंगनाथन ह्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतला चौथा ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा आहे. सरकत्या बातम्यांची पट्टी तो वेळ कसा वाचवते हे मला अद्याप उमगलेले नाही.

‘पाहा’ कार्डे परत आणायची कशी, हा प्रश्न राहतो. त्याला फार खर्च नाही. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार होऊन २००० सालापासून वापरात असलेली ‘कोहा’ ही आज्ञावली आज भारतातील कित्येक ग्रंथालये वापरतात. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट. नावाप्रमाणे ती फुकट मिळते. तिच्यात नावांची एक प्रमाण नोंद करता येते आणि त्याच नोंदीत इतर रूपे लिहून ठेवता येतात : पेडणे, पेडणें, पेर्नेम. मग वाचकाने कोणतेही रूप दिले तरी पुस्तक निघावे अशी सोय त्यात आहे. फक्त ती चालू करावी लागते आणि नोंदी कोणीतरी बसून भराव्या लागतात. पेडणे आणि डिचोली ह्या दोन तालुक्यांतील गावे, देवळे आणि संतकवी ह्यांची नावे घेतली तर दोन-तीन विद्यार्थ्यांचे सुट्टीतले काम आहे. सोहिरोबानाथ आंबियांचे नावच किती तऱ्हांनी लिहितात ते पाहावे. आमच्या ह्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनाही हे काम परके नाही. २०१४ साली बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले, तेव्हा त्या शहरावरची जुनी पुस्तके काही नावे बदलून बसली नाहीत. बेळगाव, बेळगांव, बेळगावी आणि रोमनमधले ‘बेलगाम’, ह्या सगळ्यांना एका धाग्यात ओवणारे कार्ड तिकडेही लागेलच.

कोणती रूपे भरायची हे ठरवायला समिती नको. वाचकांनी चौकटीत काय टाइप केले आणि कशाला शून्य उत्तर आले, ह्याची नोंद यंत्र ठेवू शकते. महिन्यातून एकदा ती यादी वाचावी, संध्याकाळी कार्ड लिहिणारा जुना ग्रंथपाल जे करी तेच. आणि तरीही शून्य आलेच, तर त्या पानावर नुसते शून्य नसावे. तुम्ही अमुक शब्द शोधलात, जवळची रूपे ही आहेत, रोमन लिपीतही शोधून पाहा, आणि न सापडल्यास ह्या क्रमांकावर सकाळी अमुक ते संध्याकाळी अमुक वाजेपर्यंत ग्रंथपालांना विचारा, एवढे चार ओळींत मराठीत लिहिलेले असावे. तो क्रमांक तालुक्याच्या ग्रंथालयाचा असला तर फारच उत्तम, कारण तेथे फोन उचलणाऱ्याला नार्वे कुठे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.