बुटांत उभी पँट

संपादकांनी पाठवलं होतं मॉक ड्रिल बघायला. ड्रिल यथासांग पार पडलं: रंगवलेल्या जखमा, स्ट्रेचर, मनगटांना लाल-पिवळ्या-हिरव्या चिठ्ठ्या. असा पूर्ण सराव दोन वर्षांतून एकदा तरी करावाच लागतो. माझं लक्ष मात्र विमानतळाच्या फायर स्टेशनातल्या एका पँटवर खिळलं. बंबाच्या दाराशी जाडजूड बूट उभे, आणि आगीला दाद न देणारी पँट आधीच त्यांच्यावर चढवून घोट्यापर्यंत चुरगळलेली. घंटा झाली की पाय घालायचे, पँट वर ओढायची आणि सीटवर.

एवढी घाई कशाला? आंतरराष्ट्रीय नियम सांगतो, घंटेपासून तीन मिनिटांच्या आत धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला फोम सुरू झाला पाहिजे. जमल्यास दोनच मिनिटांत. हवा स्वच्छ आणि जमीन चांगली असेल तर, अशी पुस्ती नियमातच आहे. आपल्या पावसाळ्याचं काय, ते ज्याचं त्याने समजावं.

शहरातला बंब थांबतो, माणसं उतरतात, होज ओढतात, मग पाणी. विमानतळावरचा हा बंब धावता धावताच फवारतो. चालक स्टिअरिंग सांभाळत असताना टपावरचा मॉनिटर, म्हणजे फोमची तोफच, केबिनमधून फिरवला जातो. सहाही चाकांना इंजिनाचा जोर, त्यामुळे धावपट्टी सोडून गवतात, चिखलात शिरायलाही तयार. एवढं धूड चाळीस सेकंदांत ताशी 80 किलोमीटरचा वेग गाठतं.

मला भेटलेला चालक रोज शिफ्ट घेताना इंजिन लावतो, मॉनिटर उजवी-डावीकडे फिरवून बघतो, पाण्याचा काटा वाचतो. मग बहुतेक दिवस काहीच होत नाही. कधी एखाद्या विमानाची हायड्रॉलिकची तक्रार येते, 'फुल इमर्जन्सी' जाहीर होते, बंब धावपट्टीलगत जागा घेतात. विमान सुखरूप उतरतं. प्रवासी बॅगा घेऊन घरी जातात. त्यांच्यासाठी कोण उभं होतं, हे त्यांना कळतही नाही.

पण खरी गोम पाण्यात आहे. मोठ्या बंबाच्या टाकीत बारा हजार लिटरच्या आसपास पाणी मावतं, आणि मॉनिटर पूर्ण उघडला तर दोनेक मिनिटांत टाकीचा खडखडाट. सर्वांत मोठ्या विमानांसाठी म्हणूनच तीन बंब आणि 32,300 लिटर पाणी लागतं. इंधन पेटलं तर विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्रा जेमतेम मिनिट-दीड मिनिट तग धरतो. म्हणजे सगळी आग विझवणं हे पहिलं काम नव्हेच. दारांपाशी वाट मोकळी ठेवायची, माणसं उतरेपर्यंत.

आणि हाच फोम माणसं झाकतोही. 6 जुलै 2013 ला सॅन फ्रान्सिस्कोला कोसळलेल्या विमानाजवळ फोमखाली दडलेली एक मुलगी बंबाच्या चाकाखाली आली. हे सांगताना चालकाचा आवाज उतरला. पांढऱ्या पसाऱ्यात गाडी घालायची वेळ आली तर पुढे पायी कुणीतरी हवं, एवढंच तो म्हणाला.

मला वारंवार आठवत राहिलं ते कोळीकोड. 7 ऑगस्ट 2020, रात्र, पाऊस. दुबईहून आलेलं विमान टेकडीच्या सपाट माथ्यावरची, म्हणजे टेबलटॉप, धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं आणि त्याचे तुकडे झाले. मूळ नागपूरचे कप्तान दीपक साठे यांच्यासह 21 जण गेले. आग मात्र लागली नाही. तिथे फोमपेक्षा हात हवे होते: पत्रा कापणारे, उचलणारे, काळोखात वाट काढणारे. कोविडचे दिवस असूनही आसपासचे रहिवासी धावत आले आणि जखमींना आपापल्या गाड्यांत घालून इस्पितळात घेऊन गेले. स्ट्रेचर कसं धरावं, कुणाला आधी न्यावं, हे त्यांना कुणी शिकवलं होतं?

आमच्या ड्रिलच्या दिवशीही कुंपणापलीकडच्या गच्च्यांवर माणसं मोबाइल धरून उभी होती. यांना कधी सरावाला बोलावता का, असं मी चालकाला विचारलं.

"ते बघायला येतात, मॅडम," तो म्हणाला, आणि वाकून बुटांवरची पँट पुन्हा नीट बसवू लागला.