आगीने घडवलेली खिडकी

लंडनमधल्या ब्रूक स्ट्रीटवरच्या 25 क्रमांकाच्या घरासमोर उभे राहिलात, तर आधी खिडक्या पाहा. संगीतकार हँडल 1723 मध्ये या नव्याकोऱ्या घरात राहायला आला आणि 1759 मध्ये इथेच वारला. ‘मसाया’ त्याने इथेच लिहिले.

घराची मांडणी अगदी साधी. शेजाऱ्यांशी सामाईक विटांच्या भिंती, तळघरात स्वयंपाकघर, वरच्या मजल्यांवर पुढे एक खोली, मागे एक आणि बाजूला जिना. पहिल्या मजल्यावरची पुढची मोठी खोली पाहुण्यांची आणि गाण्याबजावण्याची.

पण खरी गंमत दर्शनी भिंतीत आहे. 1666 च्या भीषण आगीचा धसका लंडनने बरीच वर्षे घेतला होता. 1707 च्या कायद्याने छपराखालचे लाकडी छज्जे बंद झाले, म्हणून विटांची भिंतच वर चढवून तिचा कठडा केला जाऊ लागला. 1709 च्या कायद्याने लाकडी चौकटी भिंतीच्या पृष्ठभागापासून चार इंच आत सरकवल्या, म्हणजे ज्वाळा सहज पोचू नयेत. आज देखणी वाटणारी ती खोल सावली अशी आली. खिडकी वर-खाली सरकते ती चौकटीत दडलेल्या वजनांमुळे. दोरी कप्पीवरून जाते, वजन काचेचा भार तोलते, आणि एका हाताने ती उघडते.

हे घर पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू आहे आणि आता संग्रहालय म्हणून पाहता येते. लंडनला गेलात, तर चुकवू नका.