घोरणे थांबले, तरी चाचणी हवी

नाहूरला लोकलमध्ये बसताच डोळा लागतो, त्याचा दोष कामाच्या दगदगीला दिला जातो. मात्र रात्री घोरताना श्वास अडत असेल, तर तो 'स्लीप ॲप्निया' असू शकतो. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांच्या २००४ च्या पाहणीत ३५ ते ६५ वयोगटातील ७.५ टक्के पुरुषांत हा विकार आढळला होता.

'सीपॅप' यंत्राचा मुखवटा सोसत नसल्यास दंतवैद्य दातांच्या मापाचे उपकरण बनवून देतात. ते खालचा जबडा पुढे धरते. जीभही पुढे सरकून श्वासाची वाट मोकळी राहते. सौम्य व मध्यम विकारात ते उपयुक्त ठरते. पुरेसे दात मात्र हवेत. जबडा दुखू शकतो, कालांतराने दातांची ठेवणही बदलते. खरी मेख पुढेच आहे. घोरणे थांबल्याने घरचे निश्चिंत होतात, पण श्वास अडणे सुरूच असू शकते. म्हणून उपकरण बसविल्यावर निद्राचाचणी पुन्हा करावी लागते.