कांद्याच्या बंदराकडे जाणारा रस्ता

फ्रान्स म्हटले की, वाचकहो, तुमच्या डोळ्यांपुढे पॅरिसचा आयफेल मनोरा उभा राहील. तो पाहण्यासारखा आहेच. पण शेतकऱ्याने पाहावा असा फ्रान्स तेथून पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला आहे. त्या मुलखाचे नाव ब्रिटनी. एका सप्टेंबरात आम्ही उभयतांनी भाड्याची मोटार घेऊन त्याच्या उत्तर किनाऱ्याने चार दिवस प्रवास केला. मों सें मिशेलपासून रोस्कॉफ बंदरापर्यंत, आडवळणे धरून तीनेकशे किलोमीटर. चला, तुम्हीही मागच्या सीटवर बसा.

आधी गाडीचे सांगतो. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून काढून नेला होता. तेथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचे आणि स्टिअरिंग डावीकडे. पहिल्या दिवशी गियर टाकायला हात दाराकडेच जायचा. चौकाच्या जागी बहुतेक ठिकाणी सर्कल असते, आणि सर्कलमध्ये जो आधी शिरला त्याला वाट द्यायची, असा नियम. तो सगळे पाळतात, म्हणून हॉर्न क्वचितच ऐकू येतो. ब्रिटनीतल्या हमरस्त्यांना टोल नाही, हे विशेष.

मों सें मिशेल म्हणजे समुद्रातला एक खडक आणि त्यावर जुना मठ. मोठ्या उधाणाला येथे पाणी तेरा-चौदा मीटर चढते, म्हणजे चार मजली घराएवढे! ओहोटीला तेच पाणी कित्येक किलोमीटर मागे हटते. मोटार अलीकडे अडीच किलोमीटरवर ठेवायची आणि २०१४ साली खुल्या झालेल्या पुलावरून बसने किंवा पायी जायचे. बाकीचे प्रवासी मठाचे फोटो काढत होते, आम्ही मात्र मेंढ्या बघत राहिलो. कोकणातल्या खाजणासारख्या खारवट जमिनीवर तेथे गवत येते, उधाणाला ते पाण्याखाली जाते, आणि त्यावर चरणाऱ्या मेंढ्यांच्या मटणाला जास्त भाव मिळतो. आपण ज्या जमिनीला नावे ठेवू, तिच्याच नावावर तेथे माल विकला जातो.

जवळच कांकाल नावाचे गाव आहे, कालवांसाठी प्रसिद्ध. ओहोटी लागली की तेथे ट्रॅक्टर चक्क समुद्रात उतरतात. लोखंडी घडवंच्यांवर जाळीच्या पिशव्या, पिशव्यांत कालवे. मधूनमधून पिशव्या हलवायच्या, उलट्या करायच्या. सुमारे तीन वर्षांनी माल तयार. धक्क्यावर लोक लिंबू पिळून ती कच्चीच खात होते. आमची सौ. माळकरी घरातली. तिने तोंड फिरवले आणि शिंपल्यांचा ढीग कोंबड्यांना चुन्यासाठी किती दिवस पुरेल याचा हिशेब करत बसली.

तिच्या जेवणाची सोय पुढच्या गावात झाली. तेथे काळ्या गव्हाची धिरडी करतात. नाव गहू, पण तो गहू नव्हे. आपल्याकडे उपासाला मिळणारा कुट्टू तोच. बिनकाठाच्या मोठ्या तव्यावर पीठ ओतून लाकडी फिरकीने पातळ पसरतात. वर खारे लोणी आणि चीज. सौ.च्या मते पीठ आणखी थोडे आंबवायला हवे होते.

आता शिवाराकडे बघा. मक्याची शेते मुरघासासाठी उभी होती, गाई कुरणात मोकळ्या. आमचे लक्ष होते बांधांवर. येथे पूर्वी प्रत्येक शेताला मातीचा उंच बांध आणि त्यावर ओक, हेझल यांची दाट झाडी असे. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने जमिनींचे एकत्रीकरण केले. ट्रॅक्टर फिरायला जागा हवी म्हणून हजारो किलोमीटर बांध सपाट झाले. शेते मोठी झाली, पण वारा मोकाट सुटला आणि पावसाबरोबर माती ओढ्याला जाऊ लागली. आता सरकारी मदतीने तेच बांध पुन्हा घालतात आणि झाडे लावतात. बांध कोरणाऱ्या आपल्या मंडळींना हे दाखवायला हवे होते.

सें-मिशेल-आं-ग्रेव्ह येथे रस्ता थेट वाळूला लागतो. जागा सुंदर, पण तिची दुसरी बाजूही ऐका. फ्रान्समधली निम्म्याहून अधिक डुकरे एकट्या ब्रिटनीत पाळली जातात. त्यांचे मलमूत्र आणि रासायनिक खते यांतला जादा नत्र ओढ्यांवाटे खाडीत उतरतो आणि किनाऱ्यावर हिरव्या शेवाळाचे थर साचतात. ते कुजले की विषारी वायू सुटतो. २००९ साली याच किनाऱ्यावर एक घोडा त्यात रुतला आणि वायूने मेला. त्यावर बसलेला माणूस थोडक्यात वाचला. युरियाची गोणी जास्त पडली तर पिकाला चांगलेच, असे म्हणणारे अनेकजण आम्हाला नोकरीत भेटतात. पिकाने न घेतलेला नत्र कुठे तरी जातोच.

पुढे मॉर्ले. गावावरून दगडी कमानींचा उंच रेल्वेपूल जातो. पण आम्ही थांबलो ते सरकारी कचेरीची इमारत बघायला. १९६१ साली या भागात आर्टिचोकचे भाव कोसळले होते. आर्टिचोक म्हणजे करडईच्या कुळातल्या काटेरी झाडाची मोठी कळी. ती उकडून खातात. भाव व्यापारी ठरवणार आणि शेतकऱ्याने मान हलवायची, अशी रीत होती. ८ जूनच्या पहाटे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन मॉर्लेत शिरले आणि त्यांनी कचेरीचा ताबा घेतला. पुढारी होता आलेक्सी गूरव्हेनेक, वय २५, स्वतः शेतकरी. त्याला अटक झाली, खटला चालला, आणि तो सुटला. आम्ही सरकारी नोकरीतली माणसे, कचेरीत घुसणे आम्हाला रुचणार नाही. खरी बघण्यासारखी गोष्ट पुढची आहे.

त्याच वर्षी शेतकऱ्यांनी सें-पोल-द-लेओं येथे आपली संस्था काढली. मालाची प्रत ठरवून घड्याळाच्या तबकडीवर लिलाव सुरू केला. यात भाव वरून खाली उतरत येतो; जो व्यापारी आधी बटण दाबेल त्याचा माल. सर्वांसमोर, एकाच ठिकाणी. मग लक्षात आले की भाजीला गिऱ्हाईक समुद्रापलीकडे इंग्लंडात आहे आणि माल जातो लांबच्या वळशाने. सरकारकडे भांडून रोस्कॉफला खोल पाण्याचे बंदर मिळवले. बंदर होणार, पण जहाज चालवायला कोणी कंपनी पुढे येईना. तेव्हा या फ्लॉवर-आर्टिचोकवाल्यांनी १९७२ मध्ये स्वतःची जहाज कंपनी काढली! १ जानेवारी १९७३ ला ब्रिटन युरोपच्या सामाईक बाजारात आले, आणि दुसऱ्याच दिवशी यांचे पहिले जहाज मालमोटारी घेऊन प्लिमथकडे निघाले. पुढे प्रवासीही मागणी करू लागले. ब्रिटनी फेरीज ही कंपनी आजही चालते.

रोस्कॉफला पोहोचलो तो शेवटचा दिवस. गाव ग्रॅनाइट दगडाच्या जुन्या घरांचे, आणि घराघरांत गुलाबी कांद्याच्या वेण्या. अलिबागचा पांढरा कांदा जसा वेणी घालून विकतात, तशाच. अलिबागच्या कांद्याला भौगोलिक मानांकन २०२२ साली मिळाले, रोस्कॉफच्या कांद्याला तसा मान २००९ मध्ये. पण हा कांदा त्याआधी १८० वर्षे नावाजलेला होता. १८२८ पासून येथले शेतकरी गलबतात कांदा भरून इंग्लंडला जात, पुढच्या काळात सायकलच्या दांडीला वेण्या लटकवून दारोदार विकत आणि महिनोन्‌महिने घराबाहेर राहत. इंग्रज बायका त्यांना लाडाने ‘जॉनी’ म्हणत. १९०५ च्या नोव्हेंबरात घरी परतणारी बोट सें मालोजवळ खडकावर फुटली. शंभरावर माणसे बुडाली, त्यांत कितीतरी कांदेवाले होते. गावात त्यांचे छोटे संग्रहालय आहे.

तेथल्या एका बाईंकडून सौ.ने वेणी घालायला शिकून घेतली. भाषा कळत नव्हती, हातवाऱ्यांवर भागले. मोठे कांदे खाली, लहान वर, आणि दोरीच्या आधाराने पाती आवळत जायची. कांदा गोडसर निघाला, पावाबरोबर कच्चाच संपवला. उरलेली वेणी विमानाने आणता येत नव्हती, परदेशी कंदमुळांना आपल्याकडे संगरोधाचे नियम कडक आहेत, आणि ते योग्यच आहेत. ती आम्ही मुक्कामाच्या घरमालकिणीला दिली. तिने लगेच चुलीमागच्या खिळ्याला टांगली.