अठ्ठावीस डॉलरचं घर

अठ्ठावीस डॉलर आणि साडेबारा सेंट! मित्रांनो, एवढ्या पैशात एका माणसानं चक्क घर बांधलं आणि पै न् पैचा हिशेब पुस्तकात छापूनही ठेवला. तो ज्या हार्वर्ड कॉलेजात शिकला, तिथं विद्यार्थ्याच्या खोलीचं वर्षाचं भाडंच ३० डॉलर होतं म्हणे!

हेन्री डेव्हिड थोरो त्याचं नाव. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं काँकर्ड हे त्याचं गाव. वडिलांचा पेन्सिलींचा कारखाना. १८४५ च्या मार्चअखेर त्यानं एक कुऱ्हाड उसनी घेतली आणि गावाबाहेर वॉल्डन तळ्याकाठी पाइनची झाडं तोडायला सुरुवात केली. जमीन मित्राची, म्हणजे लेखक इमर्सन यांची. एका मजुराची जुनी झोपडी विकत घेऊन तिच्या फळ्या वापरल्या. (कुऱ्हाड परत देताना ती आधीपेक्षा धारदार होती, हे त्यानं मुद्दाम नोंदवलंय. मित्रांच्या वस्तू नेणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं!) घर दहा फूट बाय पंधरा फूट, आपल्या चाळीतल्या खोलीएवढं. ४ जुलै १८४५ ला तो तिथं राहायला गेला.

कशासाठी? रुसून नव्हे. जानेवारी १८४२ मध्ये त्याचा थोरला भाऊ जॉन धनुर्वातानं गेला. वस्तऱ्याला धार लावताना बोटाला जरासं कापलं, एवढंच निमित्त. दोघं भाऊ मिळून शाळा चालवायचे. १८३९ मध्ये स्वतः बांधलेल्या होडीतून दोघांनी नदीची सफर केली होती. त्या सफरीचं पुस्तक थोरोला लिहायचं होतं आणि त्यासाठी निवांतपणा हवा होता. तळ्याकाठच्या खोलीत ते लिहून झालं.

दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवस तो तिथं राहिला. सकाळी तळ्यात डुंबायचं, घेवड्याच्या शेतात खुरपणी करायची, लिहायचं, वाचायचं. वाचनात इंग्रजी भाषांतरातली भगवद्गीताही होती बरं का! पण लगेच घोर अरण्य डोळ्यांपुढे आणू नका. गाव मैल-दीड मैलावर. तळ्याच्या कडेनं आगगाडी जायची. एक-दोन दिवसांआड स्वारी गावात चक्कर मारायची, आईच्या हातचं जेवून यायची. काही लोक यावरून त्याला हसतात. मला मात्र हेच आवडतं. एवढ्याशा अंतरावर जाऊनही त्याचं काम झालं ना!

तुम्ही म्हणाल, आमच्या दोन खोल्या, त्यात टीव्ही, पाहुणे आणि आता मोबाइल. एकांत आणायचा कुठून? अहो, गांधीजींच्या भोवती तर माणसांचा गराडा असायचा. ते सोमवारी मौन पाळायचे आणि काही सांगायचं झालं तर चिठ्ठीवर लिहून द्यायचे. खर्च? कागदाचा!

एखाद्या रविवारी अर्धा दिवस काढा. वाचनालयाची अभ्यासिका, दुपारचा देवळाचा सभामंडप, नाहीतर एसटीनं आजीचं गाव. कुठं जाताय आणि कधी येणार, ते घरी सांगून जा. पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली, एक वही बरोबर घ्या. मोबाइल बंद करून पिशवीच्या तळाशी टाका. थोरोसारखं एकच काम न्या. दहावीनंतर काय, हा प्रश्न असेल, अर्धवट राहिलेलं चित्र असेल किंवा भांडलेल्या मित्राला लिहायचं पत्र. पहिला अर्धा तास जाम कंटाळा येतो. उठू नका! आणि मनात बरेच दिवस काही सलत असेल, तर मात्र एकटं न बसता घरातल्या मोठ्यांशी बोला. थोरोच्या खोलीतही खुर्च्या तीन होत्या.

आई-बाबांनो, पोरगं गप्प बसलंय म्हणून दर दहा मिनिटांनी डोकावू नका. तेवढं सांभाळलंत की झालं.

आता एक प्रश्न. तुमच्या घरात सगळ्यात कमी एकांत कोणाला मिळतो? उत्तर बहुधा स्वयंपाकघरात सापडेल. मग पुढचा रविवार आईचा. चार तास तिनं कुठंही जावं, काहीही करावं, नाहीतर नुसतं पडून राहावं. स्वयंपाक बाबांनी आणि तुम्ही करायचा. कुकरच्या शिट्ट्या किती, डाळीचा डबा कुठला, हे विचारायला तिच्याकडे धावायचं नाही. शनिवारी रात्रीच सगळं विचारून कागदावर लिहून ठेवा.