मधले तीन बाइट कोणाचे?

मेमरीबद्दलच्या गप्पांमध्ये 'पॅडिंग' हा शब्द ओझरता येऊन जातो आणि आपण मान डोलावून पुढे जातो. आज जरा तिथेच थांबूया.

सी भाषेत एक स्ट्रक्ट लिहा: आधी एक कॅर, मग एक इंट. कॅर एका बाइटचा, इंट बहुतेक मशीनवर चार बाइटचा. म्हणजे पाच, बरोबर? पण साइझऑफला विचारलंत तर उत्तर येतं ८. हे जादाचे तीन बाइट आले कुठून?

इंटचा पत्ता चारने भागला जाणारा असला, की प्रोसेसरला तो सहज उचलता येतो. तसा नसला तर काही प्रोसेसरना जास्त वेळ लागतो, काही चक्क एरर देतात. म्हणून कंपायलर कॅरनंतर तीन बाइट मोकळे सोडतो. हेच पॅडिंग. आता शेवटी आणखी एक कॅर जोडा, आकार होतो १२! कारण अशा स्ट्रक्टचा अ‍ॅरे केला, तर पुढच्याचा इंटही नीट बसायला हवा. तेच तीन मेंबर इंट, कॅर, कॅर असे लावलेत, तर ८ मध्येच काम भागतं. सीचा कंपायलर हा क्रम स्वतःहून बदलू शकत नाही. रस्टचा बदलू शकतो.

इथवर प्रश्न फक्त जागेचा होता. पण त्या मोकळ्या बाइटांत असतं काय?

तुम्ही यूकेत भाड्याने घर घेतलं असेल, तर इन्व्हेंटरीची यादी आठवा. यादीतल्या खोल्या साफ करून मिळतात. माळा यादीत नसेल, तर आधीच्या भाडेकरूची पत्रं तिथे तशीच पडून असू शकतात. पॅडिंग म्हणजे तो माळा. तुम्ही सगळे मेंबर भरलेत, तरी पॅडिंगमध्ये स्टॅकवरचं जुनं काहीतरी राहू शकतं: एखाद्या पासवर्डचा तुकडा, कर्नलमधला एखादा पत्ता. ते स्ट्रक्ट जसंच्या तसं बाहेर पाठवलं, की हेही सोबत जातं. लिनक्स कर्नलमध्ये अशा गळत्या अनेकदा सापडल्या आणि बुजवल्या गेल्या आहेत.

मग आधी मेमसेटने सगळं शून्य करायचं आणि नंतर मेंबर भरायचे. झालं काम! असंच वाटतं ना?

केंब्रिज विद्यापीठातल्या कायवान मेमारियन आणि पीटर स्यूएल यांनी २०१५ मध्ये सी वापरणाऱ्यांना नेमकं हेच विचारलं: असं केल्यावर पॅडिंग वाचलं, तर शून्यच मिळेल का? ३२३ जणांनी सर्वेक्षणात भाग घेतला. नेहमीच्या कंपायलरवर हे चालेल, असं ११६ जण म्हणाले. ९५ म्हणाले, कधीकधीच. २१ म्हणाले, नाही. आणि ८२ जणांनी सरळ सांगितलं, माहीत नाही.

एवढा गोंधळ का? सी११ मानक म्हणतं, की स्ट्रक्टमध्ये किंवा त्याच्या एखाद्या मेंबरमध्ये किंमत साठवली, की पॅडिंगमध्ये काय असेल याची हमी नाही. कंपायलर ही मोकळीक वापरू शकतो. एका बाइटऐवजी शेजारच्या पॅडिंगसकट चार बाइट एकदम लिहिणं स्वस्त पडलं, तर तो तसं करू शकतो. कॉपी करताना पॅडिंग वगळू शकतो. कधी तर स्ट्रक्टचे तुकडे करून मेंबर वेगवेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवतो. तिथे पॅडिंग उरतच नाही. मग तुमची शून्यं कुठे राहणार? त्यामुळे आज चाललेला कोड उद्या ऑप्टिमायझेशनची पातळी बदलल्यावर वेगळा वागू शकतो.

मग करायचं काय? दोन स्ट्रक्ट मेमकंपने ताडून पाहू नका. एकेक मेंबर तपासा. हॅश काढताना आणि नेटवर्कवर पाठवतानाही तेच. बाइटांची मांडणी पक्की हवी असेल, तर मोकळ्या जागेला 'रिझर्व्ह्ड' असं नाव देऊन मेंबर करा आणि त्यात स्वतः शून्य भरा. नाव मिळालं, की ती जागा यादीत आली. तिची किंमत कंपायलरला जपावीच लागते.

तुमच्या एखाद्या जुन्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात मोठं स्ट्रक्ट आज उघडा. मेंबरच्या आकारांची बेरीज करा आणि साइझऑफशी ताडून बघा. फरक आला, तर तुमच्याही घराला माळा आहे.